पद्मिनीच्या सस्पेन्शनचे सामान: नेमके काय, किती आणि कुठून घ्यावे?

धंतोलीची_पद्मिनी:
नमस्कार मंडळी. १९८७ ची पेट्रोल प्रीमियर पद्मिनी कार आहे, सात वर्षे शेडमध्ये उभी होती. सिमेंट रोडच्या जॉइंटवर समोरून खटखट वाजते. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते आणि मागची डावी बाजू दोन बोटे खाली बसली आहे. मेकॅनिक म्हणतो किंगपिन (पुढचे चाक ज्याभोवती वळते ती उभी पिन), बुश (सांध्यातली नळी, धातूची किंवा रबराची), शॉकअप (शॉक अॅब्जॉर्बर), स्प्रिंग सगळे एकदम आणा. खरेच सगळे लागेल का? नागपुरात काय मिळेल?

हिंगणा_लेथ:
भाऊ, खोलल्याशिवाय यादी करू नका. समोरचे चाक जॅकवर उचला, वर आणि खाली हात धरून हलवा. खेळ दिसला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा किंवा आर्मच्या (चाक बॉडीला जोडणारा दांडा) बुशचा; हलते कुठे ते टॉर्च लावून बघा. ब्रेक मारल्यावर ओढणे मात्र आधी ब्रेकमध्येच शोधा. इतकी वर्षे उभ्या गाडीत व्हील सिलिंडर जाम होतात.

किंगपिन गेली असेल तर दोन्ही बाजूंचे किट घ्या: २ पिना, ४ बुश, थ्रस्ट बेअरिंग (वजन पेलणारे), शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या), लॉकपिन. बुश ठोकताना त्याचे ग्रीसचे भोक ग्रीस भरायच्या निपलसमोर आलेच पाहिजे. चुकले तर ग्रीस पिनपर्यंत जातच नाही आणि नवे किट लवकर खलास होते. बुश बसल्यावर थोडा आवळतो, म्हणून रीमर (भोक अचूक मापाचे करणारे हत्यार) मारावाच लागतो. तोही लांब, दोन्ही बुशांतून एकाच वेळी जाणारा. पॉलिश पेपरने घासून बसवलेली पिन सरळ राहत नाही, स्टेअरिंग जड होते आणि वळणानंतर आपोआप परत येत नाही. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे, स्वतःच्या वजनाने पडता कामा नये. हिंगणा एमआयडीसीत हे काम करणारे लेथवाले आहेत, पण तुमचा रीमर लांब आहे का, हे आधी विचारा.

वाडी_कमान:
मागची बाजू बसली म्हणजे मागच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पोलादी पाट्यांचा बाक गेला किंवा पाटा तुटला. वाडीला ट्रकांच्या कमानीवाल्यांकडे बाक देऊन मिळतो. एकच बाजू करू नका, दोन्ही कमानी सोबत करा, नाहीतर गाडी पुन्हा तिरपी बसेल. सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा) आणि चारही यू-बोल्ट (कमान एक्सलला बांधणारे) नवेच टाका. जुने ताणलेले असतात. सेंटर बोल्टचे डोके एक्सलच्या भोकात नीट बसले नाही तर मागचा एक्सल तिरका राहतो आणि टायर खातो. २००-३०० किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

धंतोलीची_पद्मिनी:
धन्यवाद. आर्मच्या रबर बुशऐवजी कडक प्लास्टिकसारख्या पॉलीयुरेथेनचे टाकू का? आणि किंगपिन किट कुठून मागवू?

जुना_माल:
रबरच घ्या. पॉली टिकते, पण सिमेंट रोडचा प्रत्येक धक्का बॉडीत येतो आणि ग्रीस सुकले की कुईकुई सुरू. दुकानात पडून राहिलेले रबर नखाने दाबून बघा. नख रुतत नसेल किंवा बारीक भेगा असतील तर ‘ओरिजिनल’ लिहिलेल्या डब्यासकट परत करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कडक रबर त्यात टिकत नाही.

किटसाठी दिल्लीचा कश्मीरी गेट बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुटे जुने भाग मिळतात, पण मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या, त्यामुळे तिकडचा पुरवठा आता आटत जाणार. मागवताना जुन्या पिनचा व्यास आणि लांबी व्हर्नियरने मोजून पट्टीसकट फोटो पाठवा. वापरलेली किंगपिन कधीच घेऊ नका. आर्म सरळ असेल तर वापरलेला चालतो.

हिंगणा_लेथ:
दोन गोष्टी राहिल्या. समोरची कॉइल स्प्रिंग दाबलेली असते. खालच्या आर्मखाली जॅक लावून, स्प्रिंगला साखळी बांधून हळूहळू सोडा; नुसते बोल्ट काढले तर ती सुटून जीव घेऊ शकते. आणि आर्मच्या रबर बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना फायनल टाइट करू नका. चाके जमिनीवर, वजन पडलेले, दोनदा बॉडी दाबून सोडली, मग आवळा. हवेत आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. खोलताना शिम निघाल्या तर कुठल्या बोल्टच्या होत्या, ते खडूने लिहून ठेवा. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.