घरी सीडीवर लेबल: स्टिकर लावावा की थेट छापावं?

तंबोरा_मिरज: सतारवादनाच्या ६० सीडी करायच्या आहेत. गोल स्टिकर छापून चिकटवले तर चालेल का? नाव देवनागरीत, कडेने गोलाकार हवंय.

कृष्णाकाठ: स्टिकर अजिबात नको. जरा तिरका बसला तरी तबकडीचा तोल जातो, ड्राइव्ह घरघरतो. गाडीतल्या प्लेअरमध्ये उष्णतेने कड सुटली की सीडी आतच अडकते. आणि चुकलेला स्टिकर ओढून काढू नका. सीडीचा चकाकता थर लेबलच्याच बाजूला, लाखेच्या पातळ थराखाली असतो. स्टिकरबरोबर तोही सोलून येतो आणि रेकॉर्डिंग जातं.
पांढऱ्या तोंडाच्या इंकजेट प्रिंटेबल सीडी-आर (एकदाच रेकॉर्ड करता येणाऱ्या कोऱ्या सीडी) घ्या. प्रिंटर सीडीचा ट्रे असलेलाच लागतो, उदाहरणार्थ एप्सन एल८०५. आधी बर्न करा (म्हणजे रेकॉर्डिंग सीडीवर उतरवा), दोन वेगळ्या प्लेअरवर शेवटपर्यंत ऐका, मगच छापा.

सांगली_डीटीपी: डिझाइन १२० मिमी, ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), म्हणजे १४१७ पिक्सेल. चित्र कडेबाहेर ३ मिमी जाऊ द्या, अक्षरं मात्र कडेपासून ४ मिमी आत. मधलं न छापलं जाणारं वर्तुळ सगळ्या सीडींना सारखं नसतं. काहींत २२ मिमी, काहींत ४५च्या आसपास. पट्टीने मोजा.
गोलाकार नावाबद्दल: मजकूर वर्तुळावर बसवला की प्रत्येक अक्षर सुटं वळतं आणि शिरोरेषेला फटी पडतात. 'मिरज' तीन तुकड्यांत दिसेल. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव सरळ ओळीत लिहून कर्व्ह्जमध्ये (अक्षरांचं आकृतीत) बदला, मग एन्व्हलप या वाकवायच्या साधनाने अख्खी ओळ वाकवा. शिरोरेषा अखंड राहते. तरी माझं मत, नाव सरळच ठेवा, सतारीच्या भोपळ्याची गोलाई कडेला द्या. ८ पॉइंटपेक्षा बारीक अक्षर नको, रफार आणि अनुस्वार शाईने भरतात. ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट छान उठतो.

तंबोरा_मिरज: पार्श्वभूमी पूर्ण काळी चालेल का?

कृष्णाकाठ: टाळा. शाई जास्त बसते, वाळत नाही, आणि ट्रे अर्धा मिमी सरकला तरी कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. फिकट हळदी रंगावर ही चूक झाकली जाते. पहिली छपाई बर्न करताना बिघडलेल्या सीडीवर करा, सरक मोजा, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये तेवढी दुरुस्त करा. छापल्यावर २४ तास सुट्या ठेवा, पावसाळ्यात दोन दिवस. एकावर एक रचल्या तर वरच्या सीडीच्या वाचायच्या बाजूला शाई लागते.

सांगली_डीटीपी: सीडीच्या प्लास्टिक डबीचा पुढचा कागद १२० × १२० मिमी. मागचा १५१ × ११८, दोन्ही बाजूंना साडेसहा मिमीची घडी. घडीवर आधी बोथट सुरीने रेघ ओढा, नाहीतर शाई तडकते.