घरी तेलुगू, शाळा मराठी, नर्सिंग इंग्रजीत: आधी पुस्तकाची भाषा शिकवू की वॉर्डातली?

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी घरकुलच्या बाजूला, मी संध्याकाळी मुलींना इंग्रजी शिकवते. यंदा बहुतेकजणी जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षाच्या आहेत. घरी तेलुगू, बारावीपर्यंत मराठी, गल्लीत हिंदी, काहींना आजोळामुळे कन्नडही येतं. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. अशा मुलींना कुणी 'भाषेत कच्च्या' म्हटलं की मला फार लागतं.

अडतं ते असं. साधं बोलायचं इंग्रजी त्या चटकन उचलतात. पण शरीररचनेच्या पुस्तकात 'ब्लड इज पम्प्ड इन्टू द एओर्टा बाय द लेफ्ट व्हेंट्रिकल' (हृदयाचा खालचा डावा कप्पा रक्त महाधमनीत ढकलतो) असं वाक्य आलं की कोण काय करतंय तेच सुटतं. हृदयाचं काम त्यांना ठाऊक असतं, मराठीत विचारलं तर आकृती काढून सांगतात. परीक्षेत मात्र 'डिफाइन', 'एन्युमरेट', 'डिफरन्शिएट' काहीही विचारलेलं असो, पाठ केलेला तोच परिच्छेद उतरतो.

वॉर्डातली तऱ्हा आणखी वेगळी. रुग्ण कर्नाटकातल्या इंडीकडचा, तो कन्नडमध्ये सांगणार. नातेवाईक मराठीत भर घालणार. नोंद करायची इंग्रजीत, आणि ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला सगळं दोन मिनिटांत सांगायचं.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद मांडला. पहिली दोनेक वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांच्या पुढच्या अभ्यासात दिसलं. पण ती कॅनडात स्थलांतरित होऊन आलेली मुलं, त्यांच्या अवतीभवती इंग्रजीच होतं. आमच्या मुलींचा अख्खा कोर्सच तीन वर्षांचा. इतका वेळ आणायचा कुठून?

विचारायचं आहे ते हे: सुरुवात कशाने करू? कॉक्सहेड यांची अभ्यासाच्या इंग्रजीतल्या ५७० शब्दकुलांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) यादी घोटून घेऊ का? आणि वर्गात तेलुगू बोलू द्यावं का? 'फक्त इंग्रजी' असा सल्ला मला सगळीकडून मिळतो, मनाला मात्र पटत नाही.

निवृत्त_ट्यूटर
ताई, मी नर्सिंगच्या मुलींना बरीच वर्षं शिकवलंय. वॉर्डापासून सुरू करा, पण पुस्तक बाजूला ठेवू नका. रुग्ण एकच घ्या, काल्पनिक. सकाळपासून जुलाब-उलट्या. एक मुलगी रुग्ण होऊन तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सांगेल, दुसरी विचारेल, तिसरी लिहील: 'कम्प्लेन्स ऑफ लूज मोशन्स सिन्स मॉर्निंग'. मग कोऱ्या इनटेक-आउटपुट चार्टवर (शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर पडलं) आकडे भरायचे. मग हँडओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला सांगणं. त्याला एसबार हा साचा धरा: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय दिसतंय, काय करायला हवं. चारच खण असल्यामुळे घाबरलेल्या मुलीलाही पुढचं वाक्य सापडतं. आणि त्याच रुग्णावरून पुस्तकातला डिहायड्रेशनचा भाग उघडा. आउटपुट जास्त का, लघवी कमी का, हे चार्टवर पाहिलेलं असलं की पुस्तकातलं वाक्य परकं वाटत नाही. खऱ्या रुग्णाचे कागद मात्र वर्गात आणू नका.

शब्दवेल्हाळ
यादी घोटू नका. कॉक्सहेड यांनी ती २००० साली कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांच्या लेखनातून काढली. नर्सिंगचे नेमके शब्द तिच्यात मिळायचे नाहीत. त्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका काढा आणि हृदय या एकाच विषयावर तीन उत्तरं लिहून घ्या: डिफाइनला एक वाक्य, एन्युमरेटला नुसती नावं, डिफरन्शिएटला दोन रकाने. पम्प्डसारख्या वाक्यात आधी 'बाय' शोधायचा, त्यापुढे करणारा असतो. करणारा लिहिलेलाच नसेल तर तो कोण हे मुलींनी स्वतः ठरवायचं. यावर आठवडाभर दिलात तरी वाया जाणार नाही.

तेलुगूबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय. वेल्समध्ये शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी १९९० च्या दशकात हेच मांडलं: एका भाषेत वाचायचं-ऐकायचं, दुसरीत बोलायचं-लिहायचं. चर्चा तेलुगूत होऊ द्या, फळ्यावर शेवटी जे उतरेल ते इंग्रजीत असावं, एवढं पाळा.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. एकच रुग्ण धरून चार्टपासून पुस्तकापर्यंत जायचं, हे सोमवारपासून सुरू करते. एक अडचण उरतेच. कन्नड येणाऱ्या मुली थोड्या आहेत, आणि त्यांचं कन्नड घरगुती. दुखणं सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं त्यांना कळायला हवं. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरकडचं कुणी इथे वाचत असेल, तर संध्याकाळी तासभर रुग्ण होऊन वर्गात याल का? आजीआजोबा आले तर फारच बरं. इथेच कळवा, वेळ तुमच्या सोयीची ठेवू.