मदत हवी आहे: घाटात वळणावर गाडी मागून उचलते, अर्जंट

अंजनीकाठ: राम राम मंडळी. दहा टायर गाडी आहे, ड्रायव्हर बारा वर्षांपासून माझ्याकडेच आहे, तो सांगून राहिला की धुळे-सुरत रोडवरचा कोंडाईबारी घाट उतरताना वळणावर गाडी मागून उचलते, स्टेअरिंग हलकं पडतं आणि गाडी सरळ झाली तरी एक झोल बसतोच. पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) पाहिले, ते धरणारे यू बोल्ट टाइट केले, हवा चेक केली, सगळं ओके. गॅरेजवाला म्हणतो एक पाटा वाढवा. परवा परत लोड आहे आणि ड्रायव्हर नाही म्हणून बसला. लवकर सांगा.

कमानपाटा: पाटा टाकाच. माझ्या गाडीला दोन्ही बाजूंनी एकेक वाढवला, सहा वर्षं झाली, झोल नाही.

बोरीकाठ: भाऊ, गाडीमा काय माल शे ते तं सांगा पहिले. सळई, केळी, कापसाच्या गाठी? माल किती उंच जातो?

केळीवाला_रावेर: माल कोणताही असो, पोरं हाणतात हो. २०२१ च्या फेब्रुवारीत आमच्या इकडे किनगावजवळ पपईची गाडी पलटी झाली, वर बसलेले १५ मजूर गेले. तेव्हापासून मी मालावर माणूस बसू देत नाही.

अंजनीकाठ: दुःखाची गोष्ट आहे, पण माझ्या गाडीवर कोणी बसत नाही. माल तेल आहे, सरकीचं, जळगावहून सुरत साइडला. ओव्हरलोड अजिबात नाही, उलट घाटात गाडी हलकीच असते. पाट्याचं सांगा.

वर्कशॉपमास्तर: थांबा. तेल म्हणजे टँकर! हे पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं. हलकी म्हणजे किती भरलेली?

अंजनीकाठ: टाकी १८ हजार लिटरची. ८ हजार धुळ्याला खाली होतं, १० हजार पुढे जातं. भरलेली असते तेव्हा जळगाव ते धुळे काही त्रास नाही, मग अर्ध्यावर कशी पलटेल?

वर्कशॉपमास्तर: अर्ध्यावरच पलटेल भाऊ. अर्धा हंडा डोक्यावर घेऊन चाला, कसा डचमळतो. १० हजार लिटर म्हणजे नऊ टनाच्या वर तेल, वळणावर ते सगळं बाहेरच्या अंगाला चढतं, आतल्या बाजूच्या मागच्या टायरांवरचं वजन निघून जातं, ड्रायव्हर उचलते म्हणतो ते हेच. आणि नागमोडी वळणात तेल एका बाजूला पोचेपर्यंत हा स्टेअरिंग दुसरीकडे फिरवतो, मग दोन्ही जोर एकत्र बसतात. आता स्पीडचं बघा. ५० मीटर त्रिज्येचं वळण धरा. ताशी ३० ला बाहेर ढकलणारा जोर गाडीच्या वजनाच्या साधारण १४ टक्के, ४० ला २५, ५० ला ३९. उंच लोडचा ट्रक ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास पलटायला लागतो, आणि आत तेल हलत असेल तर त्याच्याही आधी. कार तिथे नुसती घसरते, म्हणून कारवाल्याला हे कळतच नाही.

कमानपाटा: म्हणूनच पाटा म्हणतो, बॉडी झुकणारच नाही.

वर्कशॉपमास्तर: बॉडी कमी झुकेल, मान्य. पण गाडी दोन बोटं उंच झाली त्याचं काय? आणि आतलं तेल पाट्याने थांबत नाही.

साक्रीरोड: ड्रायव्हरलाच का धरता, रोडचा ढाळ पण बघा. डोंगरात वळणाला बाहेरची कड १० टक्क्यांपर्यंत उचलता येते असं आयआरसीचं (रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस) आहे, पण डांबराचे थर चढता चढता कुठे कुठे ढाळ उलटा होऊन जातो.

केळीवाला_रावेर: ढाळ कसाही असो, वळणाआधी गिअर पाडायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लावायचा. वळणात शिरल्यावर ब्रेक मारला तर तेल पुढे पण धावतं. न्यूट्रल तर बिलकुल नाही.

गिरणाथडी: मध्येच विचारतो, चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाटातून ट्रक जातात का आता?

साक्रीरोड: जड गाड्यांना २०२३ च्या ऑगस्टपासून बंद आहे, हायकोर्टाचा आदेश. पण वेगळा धागा काढा भो, इथे माणूस अडकलाय.

बोरीकाठ: टाकीत आडव्या प्लेटा आहेत का?

अंजनीकाठ: नाही. खायच्या तेलाची म्हणून आतून पूर्ण साफ, एकच कप्पा. प्लेटा बसवल्या तर जमेल?

वर्कशॉपमास्तर: आडव्या प्लेटांनी तेल पुढे-मागे धावणं कमी होतं, बाजूचं हलणं तसंच राहतं. पूर्ण बंद दोन कप्पे पाहिजेत, धुळ्याला एक रिकामा करायचा, दुसरा काठोकाठ भरलेला पुढे न्यायचा. कोणता आधी खाली करायचा ते अॅक्सलवरचं वजन पाहून ठरवा. हे परवापर्यंत होत नाही. परवा एकाच पार्टीचा माल न्या, पण टाकी पूर्ण भरून, आणि भरलेल्या गाडीला पण त्या वळणांना ३० च्या वर नको, भरली म्हणजे तिचं वजन वर असतं.

अंजनीकाठ: धुळ्याच्या पार्टीला आत्ता फोन केला, ते ८ हजारासाठी लहान गाडी लावायला तयार आहेत, भाडं अर्धं मी भरतो. माझी टाकी पुढच्या पार्टीच्याच मालाने पूर्ण भरून नेतो. ड्रायव्हरला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणे शेठ, मागून कोणी खांदा मारल्यासारखं लागतं ते मी चार महिन्यांपासून सांगून राहिलो. मी पाट्यातच अडकलो होतो, त्याचं ऐकायला पाहिजे होतं. कप्पा पाडायचं काम आपल्याकडे कोण नीट करतं?

बोरीकाठ: धुळ्याला बॉडीवाले आहेत, पण आधी टाकी वाफेने धुऊन पूर्ण मोकळी करा, तेल चिकटलेल्या टाकीत वेल्डिंग करू देऊ नका. आणि आरटीओला विचारल्याशिवाय टाकीला हात लावू नका.