आई न्यू जर्सीला चाललीय, इंग्लिशचं कसं करायचं?

कोथरूडकर: आईचं ग्रीन कार्ड झालं, वय ६१, दिवाळीनंतर भावाकडे एडिसनला कायमची जातेय. इंग्लिश पेपर वाचते पण समोरचा बोलायला लागला की गप्पच. २०१८ ला गेलेली तेव्हा दुकानातल्या बाईने 'पेपर ऑर प्लास्टिक' (पिशवी कागदी की प्लास्टिकची) विचारलं तर ही 'यस' म्हणाली, ती बाई हसली आणि हिने दोन दिवस मनाला लावून घेतलं. इथे क्लास लावू का?

पेठेतला: इथले स्पोकन इंग्लिशवाले पोरांची इंटरव्ह्यूची तयारी करून घेतात, काय उपयोग. तिकडे बऱ्याच पब्लिक लायब्ररीत ईएसएलचे (इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांसाठी इंग्लिशचे) वर्ग फुकट असतात, शेजारी चिनी आजी, स्पॅनिश बोलणारे काका, सगळेच अडखळतात मग लाज मोडते. माझी सासू तिथेच बोलती झाली.

औंधची: सिटिझनशिपला वय ५५ आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं झाली की इंग्लिशची परीक्षा माफ, सिव्हिक्स (अमेरिकेचा इतिहास आणि सरकार यावरची परीक्षा) दुभाष्या घेऊन मराठीत देता येते. बाकी एडिसनमध्ये काकू आधी गुजराती शिकतील बघा 😄

कोथरूडकर: म्हणजे ७६ व्या वर्षी! लायब्ररीचं भावाला सांगतो, 'केम छो' येतंच तिला.