भारीट: नर सोपे, माद्यांचं काय?

भारीट म्हणजे शेतात दाणे टिपणारे चिमणीसारखे छोटे पक्षी (इंग्रजीत बंटिंग). त्यांतले काळ्या डोक्याचा आणि लाल डोक्याचा भारीट डोक्याच्या रंगावरून लगेच ओळखता येतात, असं म्हटलं जातं. विणीच्या पिसाऱ्यातल्या नरांपुरतं ते शंभर टक्के खरं. पण ज्वारीच्या शेतावर उतरणाऱ्या थव्यात माद्या आणि पिल्लं भरपूर असतात, आणि त्यांच्या डोक्यावर ना काळं ना लाल. सगळ्या मातकट, शेपटीखाली पिवळसर. मी आधी पाठ आणि कंबर बघतो: तिथे तांबूस झाक असली तर काळ्या डोक्याच्या भारिटाची मादी असण्याची शक्यता जास्त, करडी-हिरवट असली तर लाल डोक्याच्या भारिटाची. पिसं झिजलेली असतील तर हेही फसवतं, मग नोंदीत सरळ 'दोघांपैकी एक' लिहावं. (फोटो पाठीमागून काढा हो, सगळे छातीचेच काढतात!)

शिवाय उत्तर इराणात, कॅस्पियन समुद्राच्या आग्नेयेकडे, दोघांची वीण-क्षेत्रं एकमेकांना भिडतात आणि तिथे संकर होतो. त्यामुळे मिश्र रंगाचा एखादा नर दिसला तर त्याला ओढूनताणून एका खान्यात बसवू नका.