व्हिक्टोरियन फोटोतली चिन्हं : खरा अर्थ की स्टुडिओचं सामान?

सांजसावली
१८६० च्या दशकातलं लंडनचं एक कार्त-द-व्हिझित (पुठ्ठ्यावर चिकटवलेलं छोटं फोटो-कार्ड) पाहिलं. काळा पोशाख, हातात मिटलेलं पुस्तक, शेजारी ग्रीक खांब, नजर खाली. माझ्या मते बाई विधवा आहे. खांब म्हणजे गेलेला आधार, मिटलेलं पुस्तक म्हणजे संपलेला संसार. कुठल्या फुलाचा काय अर्थ याचीसुद्धा पुस्तकं छापणारा तो काळ, उगाच कोण काही हातात धरेल?

काचपट्टी
धरेल की! एक्सपोजर काही सेकंदांचं, हात हलू नयेत म्हणून पुस्तक. आणि खांबाचा पाया बघा, गालिच्यावर टेकलाय ना? दगडी खांब गालिच्यावर कोण उभारतं? या प्रकाराची तेव्हाही टिंगल व्हायची. दिस्देरी या फोटोग्राफरने १८५४ मध्ये पॅरिसला या कार्डांचं पेटंट घेतलं ते एका काचेवर अनेक छोटे फोटो काढण्याचं. घाऊक धंदा होता हो. सकाळी त्याच खांबाशी खाटीक, दुपारी पाद्री.
काळ्या रंगाचं म्हणाल तर कोलोडियनला, म्हणजे तेव्हाच्या फोटोच्या काचेवरच्या लेपाला, लाल जवळजवळ दिसतच नाही. लालभडक झगाही काळाच उमटतो.
(मागे लोखंडी स्टँडचा पाय दिसला की 'प्रेत उभं केलंय' म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. तो जिवंत माणसाचं डोकं स्थिर ठेवायला असे.)

सांजसावली
मग व्हिक्टोरिया राणीचं काय? तिचा नवरा अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ ला गेला. मार्च १८६२ च्या फोटोत राणी आणि मुलं शोकवेषात, सोबत अल्बर्टचा अर्धपुतळा. तोही स्टुडिओचाच का?

काचपट्टी
पुतळा तिच्या नवऱ्याचा. खांब कुणाचाच नाही.

नुसतीवाचक
त्याच काळातली फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन विसरलात दोघंही. घरातल्या मोलकरणीला, मेरी हिलियरला, तिने कितीदा मॅडोना (येशूची आई मेरी) बनवून बसवलं! तिथे चिन्हं मुद्दाम रचलेली. पण तिचं स्टुडिओचं दुकान नव्हतं, त्यामुळे या कार्डाला तिचा दाखला चालणार नाही.

घारेडोळे
रंग सोडा, कापडाचा पोत बघा. कडक सुतकात क्रेप नावाचं कापड घालत. त्याला चकाकी नसते, बारीक सुरकुत्या असतात. रेशीम असेल तर घडीच्या कडेला उजेडाची पांढरी रेघ येते. रंगात कोलोडियन फसवेल, पोतात सहसा नाही.

सांजसावली
मोठं करून पाहिलं. बाह्यांवर रेघ नाही, गळ्यात लॉकेट आहे, गेलेल्या माणसाचे केस जपायचं असतं तसं.

काचपट्टी
लॉकेटात केस कुणाचे तेही दिसलं का? :) कार्डामागे स्टुडिओचं नाव असेल. तिथली आणखी कार्डं शोधा. तेच पुस्तक दुसऱ्या कुणाच्या हातात निघालं तर?

सांजसावली
निघू दे. पुस्तक आणि खांब तुम्हाला दिले. क्रेप आणि लॉकेट तिचं स्वतःचं आहे, विधवा मी सोडत नाही.