मदत हवी आहे : पाळी गेल्यानंतर आईची वाढलेली शुगर आणि धाप

नमस्कार. आई ५४ वर्षांची, साताऱ्याला असते. पाळी गेल्यापासून खाणं तेच, पण पोट सुटलंय. कंबर ९२ सेंटिमीटर भरली. भारतीय बायकांसाठी मर्यादा ८० धरतात. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५८. माझ्या वेळी गरोदरपणात तिला शुगर होती, म्हणजे धोका आधीपासूनच जास्त.

तिचे सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळे कडक. आणि उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी! उपवास सोड असं मी म्हणणार नाही, तिची श्रद्धा आहे. पण शुगर फार न वाढवता पोटभरीचं काय करता? भगरही पिष्टमयच. दही, दाणे, राजगिरा एवढंच सुचतंय.

ती रोज चालते. गुडघे दुखत असताना घरच्या घरी वजनाचे व्यायाम कुणी सुरू केलेत का?

मुख्य काळजी वेगळीच आहे. हल्ली जिना चढताना तिला धाप लागते. "वय झालं गं" म्हणून ती सोडून देते. बायकांमध्ये हृदयविकार छातीत न दुखताही धाप, मळमळ, जबडादुखी अशा रूपात दिसू शकतो, म्हणून मला स्वस्थ बसवत नाही. ईसीजी नॉर्मल आहे. याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे नेतेय. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी) याबद्दल त्यांना नेमकं काय विचारू?